मिसिसिपीहून लिंबायतला

गुजराती व्याकरणाच्या पुस्तकात म्हणींची लांबलचक यादी असते. तिच्यात ‘सीदीभाईने सीदकां वहालां’ ही म्हण भेटते. सिद्दीला आपली पिल्लं लाडकी, असा शब्दशः अर्थ. वर्गात सांगितला जातो तो अर्थ असा, की रूप कसंही असो, ज्याचं लेकरू त्याला गोडच. मुलं तो वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या म्हणीकडे वळतात. सिद्दी कुरूप असतो असं या म्हणीत कुठेही म्हटलेलं नाही. म्हणायची गरजच पडत नाही, कारण ऐकणाऱ्याला ते आधीपासून मान्य आहे असं धरूनच म्हण चालते.

मराठीत आपण ‘हबशी’ म्हणतो. हबश म्हणजे अबिसिनिया, आजचा इथिओपिया; तिथून आलेला तो हबशी. शब्द मुळात माणसाचा मुलूख सांगणारा होता, त्याची शिवी आपण केली. खानदेशात माझ्या वर्गातल्या सगळ्यात काळ्या मुलीला पाचवीपासून दहावीपर्यंत याच नावाने हाक मारत. मीही मारली. तिला काय वाटत असेल हा प्रश्न त्या सहा वर्षांत मला एकदाही पडला नाही, आणि त्याच सहा वर्षांत ‘श्यामची आई’ वाचताना मी कितीदा तरी रडले होते. पुस्तक वाचून डोळे भरून येतात म्हणून शेजारच्या बाकावरच्या मुलीचं दुःख कळतंच असं नाही, हे मला फार उशिरा उमगलं. त्यामुळे वर्णद्वेष आणि समानुभूती शिकवायला मुलांना कोणत्या कादंबऱ्या द्याव्यात असं एखाद्या शिक्षिकेने विचारलं, की मी आधी उलट विचारते: मुलं कुठली आहेत, आणि वर्गात कोण कुणाशेजारी बसतं?

आपण सुरतेची मुलं धरू. सुरत महानगरपालिका गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांच्या शाळा चालवते. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतल्या मराठी वर्गांत बसणारी मुलं बहुतेक जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तापी जशी खानदेशातून वाहत सुरतेला येते, तशीच ताप्ती व्हॅलीची आगगाडीही येते. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिकीट खिडकी एका राज्यात, स्टेशनमास्तरांची कचेरी दुसऱ्या राज्यात. या गाडीने आलेल्या घरांमधले पुरुष लूमवर, डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये किंवा कापड मार्केटात असतात, आणि बाया घरी साड्यांचं धागा कटिंग करतात, स्टोन लावतात. त्या घरातलं मूल घरी अहिराणी बोलतं, शाळेत पुस्तकी मराठी, दुकानात गुजराती आणि बापाच्या कारखान्यात डबा पोचवायला गेलं की हिंदी. २०२३ साली गुजरात सरकारने पहिली ते आठवी गुजराती विषय सगळ्या शाळांना सक्तीचा करणारा कायदा केला, त्यामुळे आता गुजराती वाचताही येते.

हे मूल शहरात ‘बाहेरचं’ आहे. त्याला त्याच्या बोलण्यावरून ओळखतात, आडनावावरून ओळखतात, राहण्याच्या वस्तीवरून ओळखतात. पण तेच मूल गंजाम जिल्ह्यातून आलेल्या ओडिया कामगारांच्या खोल्यांकडे बघून नाक मुरडतं, आणि कुणाच्या घरी पाणी प्यायचं नाही हेही त्याला गावाकडून शिकवून पाठवलेलं असतं. एकाच दिवसात ते सकाळी अपमान सोसतं आणि संध्याकाळी दुसऱ्याचा करतं. कादंबरी निवडायची ती या मुलासाठी.

समानुभूती या शब्दापेक्षा मला आपला जुना परकायाप्रवेश जास्त पटतो. शंकराचार्यांनी अमरू राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका आहे. त्या गोष्टीत आत शिरणं जेवढं महत्त्वाचं, तेवढंच परत येणंही. आचार्य राजाच्या देहात रमले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. ते जे जाणून आले त्याचा उपयोग स्वतःच्या देहात परतल्यावर झाला. कादंबरी वाचणाऱ्या मुलाकडून आपण हेच मागत असतो. मिसिसिपीतल्या एका मुलीच्या अंगात शिर, तिचं जगून बघ, आणि मग लिंबायतच्या आपल्या गल्लीत परत ये. आपले बरेचसे वाचनाचे प्रयोग मुलांना नेतात, आणि आणायचं विसरतात.

वाचनाने माणूस खरंच बदलतो का, याचा अभ्यास करणारेही आहेत. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमान्युएले कास्तानो या मानसशास्त्रज्ञांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं, की चांगलं ललित गद्य थोडंसं वाचल्यावरही समोरच्याच्या मनातलं ओळखण्याच्या चाचणीत लोक बरे गुण मिळवतात. बातमी जगभर गाजली. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा तसा परिणाम त्यांना आढळला नाही. म्हणजे एका बैठकीतल्या दहा पानांवर फार भिस्त ठेवता येत नाही. मला जास्त शिकवून गेला तो इटलीतला एक प्रयोग. लोरिस वेत्साली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचवीच्या मुलांसोबत सहा आठवडे हॅरी पॉटरमधले उतारे वाचले. एका गटाला दिलेल्या उताऱ्यांत अशुद्ध रक्ताची म्हणून हिणवणं, तुच्छ लेखणं असे प्रसंग होते. दुसऱ्या गटाच्या उताऱ्यांत ते नव्हते. वाचून झाल्यावर प्रत्येक वेळी गप्पा. शेवटी पहिल्या गटातल्या मुलांची परदेशातून आलेल्या स्थलांतरितांकडे बघण्याची नजर निवळलेली दिसली. पण सगळ्यांची नव्हे, हॅरीला जवळचं मानणाऱ्यांची. पुस्तकात इटली नव्हती, स्थलांतरितही नव्हते. जादूगारांच्या जगातली शुद्ध-अशुद्ध रक्ताची भांडणं वाचून मुलं आपल्या शहराकडे वेगळं पाहू लागली.

यातून शिक्षकाला दोन गोष्टी घेता येतात. दूरची गोष्ट मुलाला मोकळं करते. तिथे त्याला स्वतःच्या जातीचा, भाषेचा, घराचा बचाव करावा लागत नाही, म्हणून ते न्यायाच्या बाजूने पटकन उभं राहतं. आणि वाचनानंतरच्या गप्पा हा वाचनाचाच भाग आहे.

म्हणून मी सुरुवात दूरवरूनच करीन. मिल्ड्रेड टेलर यांची ‘रोल ऑफ थंडर, हियर माय क्राय’ ही १९७६ सालची कादंबरी सहावी-सातवीपासून वाचता येते. तिला १९७७ साली न्यूबेरी पदक मिळालं. काळ १९३३, जागा अमेरिकेचं मिसिसिपी राज्य, आणि गोष्ट सांगते कॅसी लोगन ही काळी शाळकरी मुलगी. पहिल्याच प्रकरणात शाळेत पुस्तकं वाटली जातात. कॅसीचा धाकटा भाऊ पहिलीत आहे आणि कमालीचा टापटिपीचा. त्याच्या हाती फाटकं, मळकं पुस्तक येतं. तो चांगलं पुस्तक मागतो, ते मिळत नाही. मग मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलेला तक्ता त्याच्या नजरेस पडतो. पुस्तक कधी, कोणत्या अवस्थेत, कोणत्या वंशाच्या मुलाला दिलं याची ती नोंद असते. वर अकरा गोऱ्या मुलांची रांग, पुस्तक नवंकोरं असल्यापासूनची. बाराव्या ओळीत पुस्तकाची अवस्था ‘अतिशय वाईट’, आणि तेव्हा कुठे ते काळ्या मुलाच्या वाट्याला आलेलं. पोरगं पुस्तक जमिनीवर आपटतं आणि त्यावर पाय आपटत नाचतं. बाई छडी काढतात. मारणाऱ्या बाईही काळ्याच आहेत.

हा प्रसंग मोठ्याने वाचून थांबावं. वर्गाला विचारावं: बाईंना तो तक्ता दिसत नव्हता का? मुलं विचार करू लागतात. बाई दुष्ट नाहीत. मिळालं तेवढं घ्यावं, वर बघू नये, अशा शहाणपणात त्या मोठ्या झाल्या आहेत. आपल्या घरातही असं शहाणपण असतं. कॅसीची आई त्याच शाळेत शिक्षिका आहे. ती काय करते, तर प्रत्येक पुस्तकातल्या त्या तक्त्यावर कागद चिकटवते. हातात डिंक घेऊन पान पान बसवणारी ही आई मला फार आवडते. तिच्याकडे भाषण नाही. पुढे गुलामगिरीचा खरा इतिहास शिकवल्याबद्दल तिची नोकरी जाते.

आता तुलनेला हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ घ्या. १९६० सालची ही कादंबरी वर्णद्वेषावरचं पाठ्यपुस्तक असावं तशी जगभर शिकवली जाते. सुंदर आहे, यात शंका नाही. पण तिच्यात गोष्ट सांगते ती गोरी मुलगी आहे, लढतो तो तिचा गोरा वकील बाप आहे, आणि ज्याच्यावर खोटा आळ आला तो टॉम रॉबिन्सन बहुतेक वेळ गप्प आहे. तो चांगला आहे, दीनवाणा आहे, आणि शेवटी मारला जातो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या डुलुथच्या शाळांनी २०१८ साली ही कादंबरी सक्तीच्या वाचनातून काढली; त्यातले अपमानास्पद शब्द काळ्या मुलांना वर्गात पुन्हा पुन्हा ऐकावे लागतात, हे त्यामागचं मुख्य कारण होतं. मुलांच्या हातून पुस्तक काढून घेणं मला रुचत नाही. तरी त्यामागची ठसठस खरी आहे. चाळीस मुलांच्या वर्गात दोन मुलं टॉमच्या बाजूची असतील, तर उरलेली अडतीस त्यांच्याकडे बघून हळहळतात. कीव करवून घेणं किती जड असतं, हे त्या दोघांना विचारावं.

कादंबरी निवडताना माझी कसोटी इथूनच येते. जिच्यातला सोसणारा माणूस नुसता सोसतो, ती मुलांना दया शिकवते, आणि दया ही वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. सोसणाऱ्याला हुनर असावा, थट्टा करता यावी, चूक करता यावी, राग यावा. आणि छळणारा माणूस राक्षस असून चालणार नाही. तो राक्षस झाला की वाचणारं मूल सुटतं, ‘मी काही असा नाही’ म्हणून पान उलटतं. तो थोडा आपल्या काकांसारखा, थोडा आपल्यासारखा दिसला पाहिजे.

अकरावी-बारावीला अँजी थॉमस यांची ‘द हेट यू गिव्ह’ घेता येते, २०१७ सालची. सोळा वर्षांची स्टार राहते काळ्यांच्या गरीब वस्तीत आणि शिकते श्रीमंत गोऱ्यांच्या शाळेत. तिच्या डोळ्यांदेखत पोलीस तिच्या मित्राला गोळी घालतो आणि ती एकटीच साक्षीदार. पुस्तकात शिव्या आहेत, हिंसा आहे. शिक्षकाने आधी स्वतः वाचून प्रकरणं ठरवावीत. पण सुरतेतल्या मराठी मुलांना या कादंबरीत घेऊन जाणारं दार गोळीबाराचं नाही, भाषेचं आहे. स्टार दोन तऱ्हेने बोलते. वस्तीतली बोली ती शाळेच्या फाटकाबाहेर ठेवून येते, रागसुद्धा जपून व्यक्त करते, कारण तिकडे काळ्या मुलीचा राग लगेच मोजला जातो. हे वाचताना लिंबायतच्या मुलाला काही समजावून सांगावं लागणार नाही. ‘काय करी राह्यना?’ असं आईने शाळेच्या दारात मोठ्याने विचारलं की कानकोंडं होणारं पोर स्टारला पहिल्या भेटीतच ओळखतं. अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली लिहिलं होतं, की मुलांना पुस्तकांत आरसे हवेत, खिडक्या हव्यात आणि सरकती दारंही हवीत. ही कादंबरी खिडकी म्हणून उघडावी आणि आरसा निघावा, असं इथे होतं.

पण मिसिसिपीतच थांबलं तर घात होतो. अमेरिकेत काळ्यांवर फार अन्याय झाला हो, असं म्हणून निःश्वास सोडणं सोपं असतं. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती काळ्या गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. तिकडे कायद्याने गुलामगिरी संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. फुल्यांनी अमेरिकेकडे बोट दाखवलं ते आपल्या लोकांनी तो कित्ता इथे गिरवावा म्हणून. अर्पणपत्रिकेच्या पानावर ते समुद्रापार गेले आणि पुढच्या पानापासून परत इथल्या शूद्रातिशूद्रांजवळ येऊन बसले. तोच रस्ता १९७२ साली दलित पँथरने धरला, नावापासून.

आणि सुरतेतही मराठी माणसाने असं काही केल्याचा दाखला आहे, त्याची आठवण इथे फार कमी निघते. मराठी व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. तिथे दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी त्यांची गाठ पडली, आणि १८४४ साली या दोघांनी काही सोबत्यांसह मानवधर्म सभा काढली. जातिभेद, मंत्रतंत्र, भूतप्रेत यांवर तिथे उघड चर्चा व्हायच्या. मुंबईतल्या परमहंस सभेच्या आधीची ही गोष्ट. एक मराठी मास्तर आणि एक गुजराती मास्तर सुरतेत बसून माणसामाणसांतल्या भिंतींविषयी बोलत होते, हे आजच्या सुरतेतल्या मराठी शाळेत ठळक अक्षरांत लावण्यासारखं आहे.

तर परत यायचं ते कुठल्या पुस्तकाने? माझं उत्तर: जोसेफ मॅकवान यांची ‘आंगळियात’. १९८६ साली आलेली ही गुजराती कादंबरी. १९८९ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मॅकवान खेडा जिल्ह्यात जन्मले, आयुष्यभर शिक्षक होते, आणि त्यांनी चरोतरच्या बोलीत आपल्या वणकर समाजाची गोष्ट लिहिली. वणकर म्हणजे विणकर. रीटा कोठारी यांनी २००४ साली तिचं इंग्रजी भाषांतर केलं. शीर्षकाचा अर्थ, आईच्या बोटाला धरून तिच्या दुसऱ्या घरी आलेलं मूल.

सुरतेतल्या मुलांना ही कादंबरी द्यायचं कारण कापड आहे. टीहो आणि वालजी हे दोघे मित्र कसबी विणकर. शेजारच्या गावी ते स्वतः विणलेलं कापड विकायला जातात, आणि तिथे पाण्याला आलेल्या मेठीची वरच्या जातीतली पोरं छेड काढताना टीहो मध्ये पडतो. त्या एका क्षणाची किंमत पुढची सगळी पानं मोजतात. पण टीहोकडे बघून कुणाला हळहळावंसं वाटत नाही, त्याच्यासोबत उभं राहावंसं वाटतं. तो आपल्या हातच्या कापडाचा भाव ताठ मानेने मागतो. त्याच्या जगात यारी आहे, लग्नं आहेत, पंचांची भांडणं आहेत, कुणावर कुणाचं मन बसणं आहे. ज्या मुलाच्या घरी ताका, बीम, मीटर हे शब्द जेवताना बोलले जातात, त्याला हे कळायला प्रस्तावना लागत नाही. आणि मग एक प्रश्न आपसूक येतो: कापड सगळ्यांच्या अंगाला चालत होतं, विणणारा का चालत नव्हता? तो मुलांनीच विचारावा. शिक्षकाने फळ्यावर लिहिला की तो परीक्षेचा होतो. बोली अवघड वाटली तर वर्गातल्या गुजराती येणाऱ्या मुलांनी वाचून दाखवावी. नववीला पूर्ण कादंबरी झेपणार नाही. त्यांच्यासाठी मॅकवान यांचीच १९८५ सालची ‘व्यथानां वीतक’ ही व्यक्तिचित्रं आहेत, एकेका तासात एकेक होण्याजोगी.

मराठीतून कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ घ्यावी, २०२३ सालची साहित्य अकादमी विजेती. धरणाने उठवलेलं गाव आणि मागे राहून रानटी झालेल्या म्हशी यांची ती गोष्ट. इथेही सुरतेशी धागा आहे. शहराला पाणी आणि पुरापासून बचाव देणारं तापीवरचं उकाई धरण १९७२ साली पूर्ण झालं, तेव्हा शंभराहून अधिक गावं पूर्ण किंवा अंशतः बुडाली, त्यात आदिवासींची पुष्कळ होती. नळाची तोटी सोडणाऱ्या मुलाला हे ठाऊक असायला हवं. तमिळमधून पेरुमाळ मुरुगन यांची ‘पूकुळी’, इंग्रजीत ‘पायर’, ही आंतरजातीय लग्नाची कादंबरी आहे. बारावीच्या मुलांनी ती स्वतःच्या घरच्या लग्नांच्या बोलण्यांशेजारी ठेवून वाचावी.

वर्गात काय टाळावं याबद्दल माझं मत ठाम आहे. ‘तुझ्याबाबतीत असं कधी झालंय का?’ असं एकाच मुलाकडे वळून विचारू नये. त्याचं आडनाव सगळ्यांना ठाऊक असतं, सगळ्या माना तिकडे वळतात, आणि आपण पुस्तकातला तक्ता वर्गात आणून ठेवतो. मुलाला बोलायचं असेल तेव्हा ते बोलेल. पुस्तकातल्या शिव्या मोठ्याने वाचायच्या की नाही हे आधी ठरवावं. मी त्या जागी थांबते आणि मुलांना डोळ्यांनी वाचू देते. आणि ‘तात्पर्य लिहा’ हा प्रश्न घालू नये. त्यापेक्षा छळणाऱ्याच्या बाजूने अर्धं पान लिहायला द्यावं. मेठीची छेड काढणाऱ्या पोरांपैकी जो मागे उभा होता, काहीच बोलला नाही, त्याने त्या रात्री घरी काय सांगितलं? हे लिहिताना मुलं अस्वस्थ होतात, कारण मागे उभं राहायचा अनुभव सगळ्यांनाच असतो.

बाजू बदलून बघण्याची सवय इतिहासातूनही लावता येते, आणि सुरतेसारखी जागा त्यासाठी दुसरी नाही. जानेवारी १६६४. मराठी मुलाला ठाऊक असतं, की शाहिस्तेखानाने मुलूख उद्ध्वस्त केला होता, खजिना रिकामा होता, आणि महाराजांनी मोगलांच्या श्रीमंत बंदरावर छापा घालून तो भरला. सुरती मुलाला ठाऊक असतं, की सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, लोक वाट फुटेल तिकडे पळाले आणि वीरजी व्होरासारख्या सावकाराची हवेली लुटली गेली. दोन्ही खरं आहे. आज सुरतेत वाढणाऱ्या मराठी मुलाला दोन्ही आठवणी आपल्याच म्हणता आल्या तर त्यात महाराजांचा मोठेपणा तसूभर कमी होत नाही. आणि या शहराने स्वतःही वाळीत पडणं भोगलंय. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने लाखो लोक सुरत सोडून गावी पळाले, आणि जिथे गेले तिथे ‘सुरतहून आलाय’ एवढ्यानेच माणसं दूर सरली. आजी-आजोबांना विचारलं तर मुलांना याच्या गोष्टी घरात मिळतील. वाचनतासाला एवढा गृहपाठ पुरे.

राहता राहिला सिद्दी. मराठी मुलाला सिद्दी माहीत असतो तो शत्रू म्हणून: १६६० साली पन्हाळ्याला वेढा घालणारा सिद्दी जौहर, न जिंकता आलेला जंजिरा. त्याच पन्हाळ्याचा वेढा फोडायला महाराजांच्या बाजूने सिद्दी हिलाल लढला आणि त्याचा मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती पडला, हे फार थोड्यांच्या लक्षात असतं. पूर्व आफ्रिकेतून पिढ्यान्‌पिढ्या आलेली, काही गुलाम म्हणून, काही सैनिक म्हणून आणलेली ही माणसं गुजरातेत आजही राहतात. गीरजवळच्या जांबूरला, भरूचजवळच्या रतनपूरला त्यांच्या वस्त्या आहेत. ती गुजराती बोलतात. २०२३ साली हीरबाई लोबी या सिद्दी बाईंना पद्मश्री मिळाली, आपल्या समाजातल्या बायकांना उभं करण्याच्या कामासाठी.

आणि उधन्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये बसलं, की भेस्तान मागे पडल्यावर सचिन येतं. आज ते औद्योगिक वसाहतीचं नाव, अनेक मुलांच्या वडिलांच्या कामाचं ठिकाण. हे एक संस्थान होतं. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या वारसाने तिकडचा हक्क सोडून १७९१ साली इथे गादी मांडली, आणि १९४८ पर्यंत आफ्रिकी वंशाचे नवाब इथे राज्य करत होते. भारताच्या पहिल्या बोलपटाची, ‘आलम आरा’ची नायिका झुबेदा सुरतेत जन्मली, ती सचिनच्या नवाबांची मुलगी असं सांगितलं जातं. बोलपटाचं साल १९३१.

वर्षाच्या शेवटच्या तासाला मी मुलांना पुन्हा ती गुजराती म्हण फळ्यावर लिहून देते, अर्थाची जागा मोकळी सोडून.